निळीचे रविवार

अंबाजोगाईत थंडी आली की ती सगळ्यात आधी लोखंडाला लागते. सकाळी फाटकाची कडी काढताना बोटं आखडतात. अंगणात ऊन उशिरा उतरतं आणि उतरलं तरी पातळ असतं, वरणात पाणी जास्त झाल्यासारखं. ज्वारी हुरड्यात आलेली असते. ऊसतोडीला जाणारी माणसं केव्हाच निघून गेलेली असतात, त्यामुळे आसपासची गावं अर्धी रिकामी वाटतात. अशा रविवारी मला अजून पेट्रोलचा, मेणाच्या पॉलिशचा आणि कापडी चिंध्यांचा एकत्र वास येतो. येतो म्हणजे खरं तर मीच तो आठवून घेते. घरात आता यातलं काहीच नसतं.

रेवा, ओजस, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर एक गोष्ट सांगितलीत. तुमच्या गावात एका मोठ्या हॉलमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार आहे आणि तुम्हाला तिथे जायचं आहे. ओजस हे सांगत असतानाच तुमचा बाबा खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेला. मागे नळाचा आवाज येत राहिला. रेवाने हळूच विचारलं, गाड्यांचं नाव काढलं की बाबा असा उठून का जातो. मी म्हटलं, सावकाश सांगेन. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, वर्गात शिकवून लागलेली. पण ही गोष्ट क्रमाने आठवत नाही. आधी हिवाळा आठवतो.

तुमचे आजोबा इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. आमच्याकडे एक जुनी गाडी होती. बसकी, गोलसर पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. रंग निळा. आकाशाचा म्हणावा तर जरा गडद, शाईचा म्हणावा तर जरा फिका. घरात तिला सगळे निळीच म्हणत. निळीला धुतलं का, निळीत हवा भरली का, निळीच्या काचा वर केल्या का. पाहुण्यांना वाटे, घरात म्हैस आहे.

त्या काळात आपल्या भागात जुन्या गाड्यांचे शौकीन मोजकेच, पण फार हौशी होते. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी ऊसवाले जमीनदार, एखादा गॅरेजवाला. हिवाळ्यात एखाद्या रविवारी बीडला, एखाद्या रविवारी आणखी मोठ्या शहरात मैदानावर त्यांचा मेळावा भरे. लोक हिवाळ्यात हुरड्याला शेतावर जात. आम्ही मेळाव्याला जायचो. मिलिंद, म्हणजे तुमचा बाबा, पाचवी-सहावीत होता तेव्हापासून हे सुरू झालं.

शनिवारी दुपारीच तयारी लागे. कामं वाटलेली असत आणि ती बदलत नसत. मिलिंदकडे बंपर, चाकांच्या वाट्या आणि समोरची जाळी. जुन्या टूथब्रशने तो जाळीची एकेक फट घासायचा, जीभ ओठाबाहेर काढून. माझ्याकडे आतल्या गाद्या आणि गाडीपुढे ठेवायचा पुठ्ठा. त्यावर गाडीची माहिती इंग्रजीत लिहायची. इंजिनला मात्र आजोबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. दवाखान्यातले टाकाऊ रबरी हातमोजे घालून ते बोनेटमध्ये डोकं घालत आणि आतून त्यांचा आवाज येई, "पाना दे. तो न्हाई, धाकटा." दवाखान्यात ते शुद्ध बोलत. बोनेटमध्ये डोकं गेलं की तलवाड्याचं बोलू लागत. गेवराईजवळच्या त्या गावात त्यांचं बालपण गेलं होतं.

पहाटे निघायचो. धुक्यात केज मागे पडे, मग नेकनूर, आणि मांजरसुंब्याला पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असे. तिथल्या ढाब्यावर थांबायचंच. मी बांधून नेलेले धपाटे आणि दही, ढाब्याचा चहा. ट्रकवाले उभे राहून निळीकडे बघत, कुणी वाकून आत डोकावे, कुणी म्हणे, डॉक्टरसाब, ही विकायची का. आजोबा म्हणत, ती मला विकंल, मी तिला कसा विकू. दरवेळी हेच उत्तर, आणि दरवेळी मिलिंद पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघे आणि तो ती वाफ निळीच्या काचेवर सोडून बाहीने पुसत असे.

मेळाव्याचा एक नियम होता. गाडी स्वतः चालत मैदानावर आली पाहिजे, ट्रकवर घालून आणलेली चालत नसे. त्यामुळे सकाळी मैदानाच्या तोंडाशी मोठी गंमत असे. कुणाची गाडी शेवटच्या वळणावर बंद पडलेली, मालक सुटाबुटात मागून ढकलतोय, बायको आत बसून हसू दाबतेय. रांगा लागल्या की परीक्षक येत. त्यांच्याकडे मऊ कापडात गुंडाळलेलं एक लोहचुंबक असे. ते गाडीच्या अंगावरून हलकेच फिरवत. पत्रा खरा असेल तर चुंबक धरून राही, आत पुट्टी भरलेली असेल तर सुटून हातात येई. मुलं श्वास रोखून बघत. निळीवरून ते चुंबक कधी सुटलं नाही. मिलिंद त्या वेळी माझा पदर घट्ट धरून उभा असे.

आणि तरीही निळीला कधी बक्षीस मिळालं नाही.

कारण रंग. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ती मलई रंगाची होती. परीक्षकांच्या हिशेबी मूळ रंग बदलणं हे मोठं पाप. दरवर्षी ते इंजिनचं कौतुक करत, आवाज ऐकून माना डोलावत आणि शेवटी म्हणत, डॉक्टर, तेवढा रंग ओरिजिनल करून घ्या. आबासाहेब म्हणून एक बागायतदार होते, राजकारणातले, त्यांची लांबलचक पांढरी गाडी बहुतेक वर्षी पहिली येई. आजोबांशी त्यांची दोस्ती होती आणि दोस्तीत ते मोकळं बोलत. एकदा चार लोकांत म्हणाले, "काय बे डॉक्टर, गाडीचाबी झेंडा केला का?"

आमचं घर बौद्ध. निळा रंग म्हटला की लोकांना जे सुचायचं तेच सुचे. आजोबांनी हातातला चहा संपवला आणि म्हणाले, "तुमची गाडी पांढरी हाय आबा, मी कदी म्हनलो का तिला टोपी घातली म्हणून?" सगळे हसले, आबासाहेब सगळ्यांत जास्त. पण मी बाजूला उभी होते. आजोबांच्या हातातला रिकामा कप खाली ठेवताना बशीवर जरा जोरात वाजला.

परतीच्या वाटेवर मिलिंद मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग करून रडत असे. एका वर्षी मांजरसुंब्याच्या पुढे त्याला राहवलं नाही. म्हणाला, पप्पा, रंग बदला ना. आजोबांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, कावून. तो म्हणाला, आपली गाडी सगळ्यात चांगली आहे, हे त्यांना कळायला पाहिजे. आजोबांनी नजर परत रस्त्यावर नेली. पोराचं म्हणणं त्यांना आवडलं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. रंग मात्र त्यांनी बदलला नाही.

मुलं मोठी होतात तेव्हा कोणती गोष्ट बरोबर घेऊन जातात, हे आईबापांना कळत नाही. मिलिंद शिकायला गेला, मग नोकरीला, मग समुद्रापलीकडे. आम्हाला वाटलं, गाड्या मागे राहिल्या. पण पुढाऱ्यांच्या हातातून दुसऱ्यांना मिळालेले ते कप, परीक्षकांनी पुठ्ठ्यावर लिहिलेला रंगाचा शेरा, आबासाहेबांचं हसणं, हे सगळं तो घेऊन गेला होता.

आजोबांचा विसराळूपणा सुरू झाला तेव्हा तो आधी त्यांनाच कळला. डॉक्टर होते ना. एकदा म्हणाले, माझं नाव विसरलो तर घाबरू नको, ते होणारच आहे. हळूहळू त्यांची शहरी भाषा गळत गेली आणि आतली तलवाड्याची बोली उरली. माझ्याशी ते लग्नानंतर कधी बोलले नव्हते तसे बोलू लागले. चष्मा कुठं हाय, चहा लई गोड केला, बाहेर कोण आलंय बघ. अनोळखी माणूस समोर आला की मात्र एकदम शुद्ध मराठी, दवाखान्यातली, नम्र. त्यावरून मला कळे, ते समोरच्याला ओळखतात की नाही.

निळीला मात्र ते ओळखत. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन तिच्या टपावर हात ठेवून उभे राहत. दिवसाचा तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ नसे.

मिलिंदने ठरवलं की पप्पा अजून आहेत तोवर निळीला पहिलं बक्षीस मिळवून द्यायचं. त्याने शहरातल्या एका नावाजलेल्या कारागिराशी बोलून गाडी तिकडे पाठवली. मला सांगितलं, इंजिनचं काम आहे. रंगाचं त्याने कुणालाच सांगितलं नाही, त्याला आम्हा दोघांनाही चकित करायचं होतं. गाडी तिकडे होती तेवढे दिवस आजोबा शेडमध्ये जाऊन परत येत आणि विचारत, निळी कवा येनार. मी म्हणे, येईल. जानेवारीत मिलिंद आला तो थेट कारागिराकडे गेला आणि मेळाव्याच्या सकाळी तिथूनच गाडी चालवत बीडला आला. नियम होता ना, गाडी स्वतः चालत आली पाहिजे. मी आजोबांना भाड्याच्या गाडीतून घेऊन आले.

मैदान तेच होतं. तोच धुरकट वास, तोच कर्ण्याचा आवाज, टोपलीत बोरं घेऊन बसलेल्या बायका. गाड्या वाढल्या होत्या, माणसं बदलली होती. आबासाहेब काठी टेकत होते. मिलिंद रांगेत उभा होता आणि त्याच्या मागे एक मलई रंगाची गाडी ऊन पीत उभी होती. इतकी चकचकीत की तिच्या दारात मला माझी साडी दिसली. क्षणभर मलाही कळलं नाही. मग गिअरचा दांडा दिसला.

काम अतिशय चोख झालं होतं. जुना रंग पत्र्यापर्यंत घासून काढला होता. दाराच्या कडेला, बोनेटच्या आत, चाकांच्या मागे, कुठे म्हणून निळा ठिपका उरला नव्हता. परीक्षकांनी चुंबक फिरवलं, ते धरून राहिलं. एकजण मिलिंदच्या पाठीवर थाप देऊन म्हणाला, आता ही खरी गाडी झाली. मिलिंदचा चेहरा पाचवीतल्या पोरासारखा झाला होता.

मी वळून पाहिलं तर आजोबा शेजारी नव्हते.

ते रांगांमधून चालले होते. एकेका गाडीपाशी थांबत होते, बघत होते आणि पुढे जात होते. मलई रंगाच्या गाडीवरून ते सरळ पुढे गेले होते. मैदानाच्या टोकाला, जिथे पाहुण्यांच्या साध्या गाड्या लावल्या होत्या, तिथे मी त्यांना गाठलं. ते पहारेकऱ्याला अगदी शुद्ध मराठीत विचारत होते, "माफ करा, इथे एक निळ्या रंगाची गाडी उभी होती, आपण पाहिलीत का?" पहारेकरी म्हणाला, नाही काका. मागे कर्ण्यावर पहिल्या बक्षिसासाठी त्यांचंच नाव पुकारत होते. दोनदा, तीनदा.

मिलिंद कप घेऊन धावत आला. त्यांचा हात धरून त्याने त्यांना गाडीपाशी नेलं. म्हणाला, पप्पा, पहिला नंबर. बघा, आपली गाडी.

आजोबांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. खाली वाकून जाळी बघितली. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "फार छान ठेवली आहे हो. कुणाची आहे?"

मिलिंदने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती क्षणभर पाहिली, त्याची बोटं उघडून त्याच्या हातात परत दिली आणि समजूत घातल्यासारखे म्हणाले, दुसऱ्याची किल्ली आपण घेऊ नये.

नंतरची सगळी दुपार ते गप्प होते आणि डोळे रांगांवरून फिरत होते. मिलिंदने कप गाडीच्या मागच्या सीटवर टाकला. आबासाहेब हात मिळवायला आले होते, ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर मिलिंदने मला विचारलं, आई, निळाच का होता. इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटे तसंच त्यालाही वाटलं होतं की उत्तर माहीत आहे. मी त्याला सांगितलं. तुम्हालाही सांगते.

गाडी घेतली तेव्हा ती मलई रंगाचीच होती. मिलिंदचा जन्म व्हायचा होता. आजोबा मला घेऊन तलवाड्याला गेले, त्यांच्या आईला गाडी दाखवायला. आम्ही तिला माय म्हणायचो. त्या काळी वस्तीवर चारचाकी आली म्हणजे कुणीतरी साहेब नाहीतर पुढारी, आणि त्यांच्या गाड्या पांढऱ्या नाहीतर मलई रंगाच्या. आम्ही वळणावर दिसलो तशी ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. बायकांनी पदर सारखे केले. माय निवडत बसली होती, ती सूप तिथेच टाकून घरात गेली आणि दार लोटून घेतलं. आजोबा खाली उतरून हाका मारत राहिले, माय, मी हाय. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

जेवताना ते तिला म्हणाले, माय, गाडीला रंग द्यायचा हाय, कोणता देऊ. तिला आयुष्यात असं कुणी कधी विचारलं नसावं. तिने भाकरी मोडली, विचार केला आणि म्हणाली, "निळा दे बाबा. लांबून कळंल, आपलाच हाय म्हणून."

एवढंच. पुढे ती होती तोवर फाट्यापासून निळा ठिपका दिसला की ती रस्त्याकडे चालू लागे. हे आजोबांनी परीक्षकांना सांगितलं नाही, आबासाहेबांना सांगितलं नाही. आईची भीती बक्षिसासाठी कुणाला सांगावी, असं त्यांना वाटलं नसणार.

मिलिंद ऐकत होता. तो उठला, शेडमध्ये गेला आणि तिथेच बसून राहिला. तिकडे परतल्यावर त्याने मला फोनवर निळ्या रंगाच्या छटा पाठवल्या. कितीतरी. यातली कोणती, आई. मला एकही जुळवता आली नाही. तो रंग एका कारागिराने डब्यात काठीने ढवळून बनवला होता आणि तो माणूस आता नाही. तोवर आजोबांनी अंथरूण धरलं होतं. त्यांनी गाडीचं विचारणं सोडलं होतं. पावसाळा संपता संपता ते गेले.

गाडी शेडमध्ये आहे. रविवारी मी तिच्यावरची धूळ झटकते. तिला नाव उरलेलं नाही. गावातला एक ड्रायव्हर आठवड्यातून एकदा येऊन तिला सुरू करतो, तिचा आवाज तोच आहे, आणि डोळे मिटून ऐकला तर बरं वाटतं. मग मी डोळे उघडते. एक शौकीन तिच्यासाठी सारखे निरोप पाठवतात, इतकी ओरिजिनल गाडी मराठवाड्यात दुसरी नाही म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. निर्णय मिलिंदने घ्यायचा, आणि तो गाडीचं नाव काढू देत नाही. त्याला वाटतं, पप्पांच्या हातून त्यांची शेवटची ओळखीची वस्तू त्याने काढून घेतली, आणि हे कळूनच ते दिवसभर गप्प राहिले.

ते का गप्प होते, हे मला माहीत आहे. त्या दिवशी परतताना मिलिंद मलई गाडी घेऊन पुढे गेला होता. भाड्याच्या गाडीत मागे आम्ही दोघंच होतो. मांजरसुंबा गेल्यावर आजोबा माझ्याशी काहीतरी बोलले आणि म्हणाले, हे मिलिंदला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. ज्याला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही त्याला दिलेला शब्द म्हणून तो मोडावा, असं मला कधी वाटलं नाही. मिलिंदला मी ते आजवर सांगितलेलं नाही.

पोरांनो, मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि तुम्हाला नेहमी इंग्रजीतच लिहीत आले. हे मात्र मराठीत लिहिलं आहे. तुम्हाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. तेव्हा हे तुम्हाला कुणीतरी वाचूनच दाखवावं लागेल, आणि त्या घरात ते वाचू शकणारा एकच माणूस आहे. इथपर्यंत येईतो तो मधे थांबला असेल. त्याला थांबू द्या. पाणी द्या. रेवा, तू त्याच्या जवळ बस. याने त्याचं दुःख कमी होईल की वाढेल, हे मला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मी इतके हिवाळे वाट पाहिली. मग त्याला म्हणावं, बाबा, एवढं शेवटचं वाच, मोठ्याने. आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. ते म्हणाले:

"मिलिंदला सांगू नगो गाडी हरवली म्हणून. पोरानं लई जीव लावलाय तिला, रडत बसंल. आपुन दोघं हुडकू."